मधला हात

"उस्ताद, तुम्ही नुसतं खुर्चीत बसून सांगा. हात आपण कुणाचा तरी लावू," मालक म्हणाला आणि उरलेला चहा एका घोटात संपवून त्यानं कप खाली ठेवला.

उस्तादनं खाली मांडीकडे पाहिलं. त्याचा उजवा हात मांडीवर होता. म्हणजे डाव्या हातानं उचलून तिथं ठेवलेला होता. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय ओढत का होईना चालायला लागला, जीभ तर पहिल्यापेक्षा जास्तच चालत होती, पण ज्या हातानं त्यानं तीस वर्षं फर्निचरला पॉलिश केलं, तो हात पाहुण्यासारखा नुसता बसून होता.

मालकाचा फर्निचरचा कारखाना तीन गल्ल्या पलीकडे. वीस माणसं, लाकूड कापायची दोन यंत्रं, रस्त्याच्या अंगाला काचेचं शोरूम. कामगाराच्या घरी येऊन, पाय दुमडून बसणाऱ्यातला हा माणूस नव्हे. तो आला होता त्याअर्थी पाणी नाकाशी आलं होतं.

"अंधशाळेच्या वाचनालयाची सहा टेबलं आहेत. महोगनीची," तो सांगू लागला. "मिस्त्रीनं जीव ओतून बांधली. स्प्रेवाल्यानं त्यातली दोन आरशासारखी करून दिली. वाचनालयाच्या बाई आल्या, म्हणाल्या, चकाकणारं नको. मी म्हटलं, बाई, मुलांना दिसत नाही, मग चकाकलं काय नि नाही काय. तर म्हणाल्या, निम्म्या मुलांना थोडंथोडं दिसतं, आणि जे दिसतं तेही या चकाकीपुढं जातं."

"मग नुसतं तेल द्यायचं."

"दिलं ना. खरवडून काढलं सगळं आणि तेल दिलं. तर म्हणाल्या, खडबडीत लागतं."

"महोगनीच्या अंगातली बारीक भोकं," उस्ताद म्हणाला.

"आपल्या डोळ्यांना नीट दिसतसुद्धा नाहीत ती. पण बाईंना स्वतःला दिसत नाही, त्यांचं सगळं बोटांत. त्या म्हणाल्या, आमची मुलं ठिपके वाचतात. ओळ संपली की बोट कागदावरून उतरून टेबलावर येतं, आणि तुमचं लाकूड मध्येच भलतं काहीतरी बोलतं. मग स्प्रेवाल्यानं भोकांत लांबी भरली, ती पांढरी पुट्टी. महिन्याभरात ती आत बसली, वर पांढरे ठिपके. आता बाई म्हणतायत, जमत नसेल तर तसं सांगा."

"ते तेलावर घासूनच भरावं लागतं. लाकडाचं पीठ लाकडाच्याच पोटात. लांबीचं काम नाही ते."

"तेच म्हणतोय मी. शोरूमचा काउंटर तुम्ही तसाच केलाय की नाही? बाई जाताना त्या काउंटरवर हात टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मला असं हवंय."

उस्तादचा चेहरा उजळला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तो खुर्चीत पाठ ताठ करून बसला.

त्याची बायको आतल्या दारात उभी होती. कप उचलायला म्हणून ती आली होती. "मी येते," ती म्हणाली.

"याच, वहिनी. यांना घेऊन तुम्हालाच यावं लागणार. पण काम करायला मी..."

"काम करायलाच येते म्हणतेय."

मालकानं उस्तादकडे पाहिलं. उस्तादनं डाव्या हातानं उजवा हात मांडीवर नीट ठेवला. "तिला थोडाफार हात आहे," तो म्हणाला. "माझ्याबरोबर असायची ती."

थोडाफार. ती कप घेऊन आत गेली आणि तो गरजेपेक्षा जास्त वेळ विसळत राहिली.

पॉलिशचे तीन हात असतात. पहिला हात म्हणजे कोऱ्या लाकडावर तेल ओतायचं. राखट, मेलेलं लाकूड एकदम जागं होतं, रेषा उमटतात, आणि बघणारा म्हणतो, व्वा. शेवटचा हात म्हणजे मऊ कापडानं दिलेला तेलाचा अगदी पातळ थर. त्यानं लाकडाला आतून आल्यासारखी मंद झळाळी येते, आणि बघणारा पुन्हा म्हणतो, व्वा. या दोहोंमध्ये जे घडतं त्याला कुणी व्वा म्हणत नाही. लाकडावर तेल असतानाच त्यावर पॉलिशपेपर घासायचा. लाकडाचा भुसा नि तेल एक होऊन त्याचा लगदा होतो, तो लगदा तळहातानं दाबून भोकांत बसवायचा, वरचं पुसायचं, दिवसभर वाळू द्यायचं. दुसऱ्या दिवशी आणखी बारीक पेपर घेऊन पुन्हा तेच. खांदा भरून येतो, पाठ धरते, आणि संध्याकाळी टेबल सकाळी होतं तसंच दिसतं. बोट फिरवल्याशिवाय कळत नाही की काही झालंय.

तिचं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी उस्तादनं एका मोठ्या घराचं काम अंगावर घेतलं होतं. अकरा दरवाजे होते आणि मुदत तोंडावर आलेली. ती जेवणाचा डबा घेऊन गेली, तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला होता. तिनं पदर खोचला आणि एका दाराशी बसली. तो जेवला, बाहेर जाऊन पाय मोकळे करून आला, आणि तिनं घासलेल्या दारावरून त्यानं तळहात फिरवला. मग काही न बोलता दुसरं दार ओढून तिच्यापुढं ठेवलं. त्यांच्या संसारात याहून मोठं कौतुक झालं नाही, आणि तिला ते पुरलंही.

तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं मधला हात तिचा. उस्ताद लबाड होता असं नाही. रंगाची नजर त्याच्यासारखी कुणाला नव्हती. जुन्या कपाटाला नवी फळी जोडली तर कुठली नवी हे खुद्द सुताराला ओळखू येणार नाही असा रंग तो मिसळायचा. पण घासायला लागणारा धीर त्याच्या अंगात नव्हता. दहा मिनिटांत त्याला तहान लागायची, नाहीतर कुणाशी तरी बोलायचं आठवायचं. गिऱ्हाईक काम बघायला आलं की तो पुढं व्हायचा आणि ती चिंध्या धुवायला मागं जायची. तिला कुणी कधी मागं हो म्हटलं नव्हतं. ती आपणहूनच जायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं कारखान्यात गेली. मालकानं मागची शेड मोकळी करून दिली होती. सहा टेबलं ओळीनं उभी, सगळी पुन्हा कोऱ्या लाकडापर्यंत खरवडून काढलेली. सुतारांचा मिस्त्री कानाला पेन्सिल लावून आला. ही टेबलं त्याची होती, त्यामुळे लेकीच्या सासरी आलेल्या बापासारखा तो भोवती घुटमळत होता.

"काय वहिनी, आता आमची टेबलं भांड्यांसारखी घासणार म्हणे तुम्ही?"

"भांड्यांना एवढं घासावं लागत नाही," ती म्हणाली.

उस्ताद खुर्चीत बसला. तिनं जवसाचं तेल पहिल्या टेबलावर ओतलं आणि हातानं पसरलं. लाकूड लालभडक झालं. मग लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून तिनं घासायला सुरुवात केली. आधी कागद खरखरला. थोड्या वेळानं आवाज मऊ झाला, आणि ठोकळ्याच्या मागं लालसर चिखलासारखा लगदा साचू लागला. ठोकळा बाजूला ठेवून तिनं तो लगदा तळहाताच्या गादीनं दाबत दाबत सगळीकडे फिरवला. तो चिकट होईस्तोवर दुसऱ्या टेबलाला सुरुवात केली.

"आडवं पूस हं," उस्ताद खुर्चीतून म्हणाला. "रेषांच्या बाजूनं पुसलंस तर भरलेलं सगळं बाहेर येईल."

"हो."

"आणि जाडं कापड घे. मऊ कापड भोकात शिरतं."

"घेतलंय."

हे तिला सांगायची अठ्ठावीस वर्षांत गरज पडली नव्हती. पण मालक शेडच्या दाराशी उभा होता आणि उस्तादचा आवाज त्याच्यापर्यंत पोचेल इतका मोठा होता. तिनं मान हलवून हो म्हटलं. आजारपणात माणसाचं बरंच काही जातं. तेवढं त्याचं राहू द्यावं, असं तिला वाटलं.

पहिला दिवस गेला, दुसरा गेला. संध्याकाळी तेलाच्या चिंध्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायच्या, कारण तेलाचा बोळा आपोआप तापून पेट घेतो, आणि मग घरी. तिसऱ्या दिवशी दुपारी ती चौथ्या टेबलाच्या कोपऱ्यावर होती, तेव्हा मालक आत आला.

"काय म्हणताय उस्ताद, कधी देताय?"

"उद्या शेवटचा हात देऊ. परवा न्या."

तिचा ठोकळा थांबला. सकाळीच तिनं पहिल्या टेबलावरून बोटाची मागची बाजू फिरवून पाहिली होती. तिथली कातडी पातळ असते, तिला लगेच कळतं. भोकं निम्मीच भरली होती. महोगनीचं असंच असतं, वरून गुळगुळीत वाटतं आणि आत रिकामं. उस्ताद पूर्वीही असंच बोलून जायचा. दोन दिवसांत देतो, उद्या देतो. मग तो नसताना ती गुपचूप जाऊन आणखी एखादा हात देऊन यायची, आणि त्याचा शब्द खरा व्हायचा. पण इथं सहा टेबलं होती. गुपचूप करण्याएवढं हे काम नव्हतं.

"नाही होणार," ती म्हणाली.

मालकाची नजर तिच्याकडून उस्तादकडे गेली.

"मी सांगतोय ना, होईल," उस्ताद म्हणाला.

"अजून एक मधला हात लागेल. कदाचित दोन."

"तीन पुष्कळ होतात. मला सांगतेस तू?"

"मग तुम्ही हात लावून बघा."

तिच्या मनात तसं काही नव्हतं. डावा हात होताच की त्याला. पण शब्द तोंडातून गेला आणि तो कुठं जाऊन लागला हे तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. उस्तादनं काठी घेतली. उठायला त्याला बराच वेळ लागला आणि कुणीही पुढं झालं नाही. पाय ओढत तो शेडच्या दारातून बाहेर गेला. मालक घड्याळ बघत शोरूमकडे वळला. मिस्त्री खाली वाकून नसलेला खिळा शोधू लागला.

ती उरलेली टेबलं पुरी करूनच घरी गेली.

घरी दिवा लावलेला नव्हता. तो खुर्चीत बसून होता आणि सकाळी झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं.

"जेवला नाहीत?"

"चार लोकांत माझी लाज काढलीस."

"टेबलांची निघाली असती, ते चाललं असतं?"

तिनं दिवा लावला, ताटातलं गरम करून आणलं, त्याच्या डाव्या बाजूला ठेवलं. तेवढ्यात लेकीचा फोन आला. लेक दुसऱ्या गावी नांदत होती आणि एरवी दुपारी फोन करायची. उस्तादला एका हातानं जेवताना फोन धरता येत नाही म्हणून फोन मध्ये ठेवून आवाज मोठा करायची त्यांची पद्धत होती.

"आई, तीन दिवस दुपारी फोन उचलत नाहीयेस. कुठे असतेस?"

"कारखान्यात. सहा टेबलं आहेत, ती भरतेय."

"तू भरतेयस? म्हणजे बाबा सांगतायत आणि तू करतेयस?"

"मीच करतेय."

मग लेक हसली. "तुला येतं हे? आम्हाला तर वाटायचं, तू रोज बाबांचा डबा घेऊन जातेस."

"डबाही न्यायचे," ती म्हणाली.

फोन बंद झाल्यावर उस्ताद घास हातात धरून बसून राहिला. "तिला तू कधी सांगितलंच नाहीस?" त्यानं विचारलं.

"तुम्ही कुठं सांगितलंत?"

त्यानं घास तोंडात घातला, पुष्कळ वेळ चावला. तिनं पाण्याचा पेला त्याच्या जवळ सरकवला.

"तो शोरूमचा काउंटर," तो म्हणाला. "त्याला मधले किती हात दिले होतेस?"

"पाच."

"मी दोन सांगितले होते."

"हो."

"मग बाकीचे तीन?"

"तुम्ही तापानं पडला होतात तो आठवडा. सकाळी तुम्हाला औषध देऊन जायचे, दुपारी परत यायचे."

उस्तादनं तिच्याकडे पाहिलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत तो म्हणाला, "आणि मला इतकी वर्षं वाटत होतं, लाकूडच चांगलं होतं ते."

तिला हसू आलं. ते तिनं दाबलं नाही. तोही हसला असता, पण त्याच्या ओठाची एक बाजू अजून नीट वर जात नव्हती, त्यामुळे तो हसला की नाही हे कळणं कठीण होतं.

सकाळी ती निघाली तेव्हा तो म्हणाला, "तू जा. मी येत नाही." आवाजात राग नव्हता. तरी तिला दाराबाहेर पडायला जड गेलं.

चौथा हात तिनं एकटीनं दिला. पाचवाही. कुणी सांगणारं नव्हतं, त्यामुळे तिला कुणाला हो म्हणावं लागत नव्हतं, आणि या शांततेत तिला पहिल्यांदाच आपलं काम नीट ऐकू आलं. पेपर किती झिजला ते आवाजावरून कळत होतं. लगदा कधी दाबायचा ते त्याच्या वासावरून. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिनं बोटाची मागची बाजू पहिल्या टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली आणि बोटाला वाटेत काहीच भेटलं नाही. ती परत सुरुवातीला आली आणि पुन्हा एकदा बोट नेलं, नुसतं सुख म्हणून.

मग राहिला शेवटचा हात.

तो तिनं आयुष्यात कधी दिला नव्हता. तो नेहमी उस्तादचा. हजारदा पाहिलेला, पण दारात उभं राहून. थेंबभर तेल, मऊ कापडाची घडी, आणि रेषांच्या बाजूनं एका श्वासात एक ओढ. मध्ये थांबलं तर खूण राहते. ती कापड हातात घेऊन बराच वेळ नुसती उभी राहिली. मिस्त्री लांबून बघत होता. तो गेला आणि आपल्या खुंटीवरचा जुना धुतलेला सदरा घेऊन आला.

"हे घ्या. यापेक्षा मऊ कापड अख्ख्या कारखान्यात नाही. पंधरा वर्षं झिजवलंय मी."

"फाडू?"

"मग काय, घालणार आहात?"

तिनं पाठीचा भाग फाडून घेतला, घडी केली, तेलाचा थेंब घेतला. पहिल्या ओढीला तिनं श्वास धरून ठेवला. दुसऱ्या ओढीला नाही.

चार दिवस टेबलं वाळू दिली आणि मग वाचनालयाच्या बाई आल्या. पन्नाशीच्या, ताठ चालणाऱ्या, हातात पांढरी काठी. मालक स्वतः त्यांना शेडमध्ये घेऊन आला. उस्तादची बायको सवयीनं मागं, भिंतीशी जाऊन उभी राहिली. तिथून तिला दिसलं की शेडच्या दाराजवळच्या स्टुलावर उस्ताद बसलाय. तो कधी आला, तीन गल्ल्या एकटा कसा चालला, तिला कळलं नव्हतं. त्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता. बटणं एका डाव्या हातानं लावलेली, एक चुकलेलं.

बाईंनी काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि दोन्ही हातांची बोटं लाकडावर ठेवली. बोटं हलके हलके चालत गेली, कडेपर्यंत गेली, वळली, परत आली. एक टेबल झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण सैल होत गेला. चौथ्या टेबलाच्या कोपऱ्यावर बोटं थांबली.

"इथं काहीतरी आहे."

"कुठं?" मालक वाकला. "काही नाही बाई. स्वच्छ आहे."

उस्तादची बायको भिंतीजवळून पुढं आली. तिनं बोटाची मागची बाजू तिथं ठेवली. तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत दोन-तीन भोकं उघडी होती. तो कोपरा तिला ओळखीचा होता. उस्ताद काठी घेऊन उठला तेव्हा तिचा ठोकळा नेमका तिथं थांबला होता. तिथला हात अर्धवट राहिला, आणि पुढचे दोन हात तेवढ्याला पुरले नाहीत.

"आहे," ती म्हणाली. "माझं राहिलंय ते. आठवडाभर द्या, एवढं टेबल पुन्हा करते."

"अहो वहिनी, एवढ्याशासाठी..." मालक घाईनं म्हणाला. "बाई, चालेल ना एवढं?"

"मला चालेल," बाई हसून म्हणाल्या.

"मला नाही चालणार," उस्तादची बायको म्हणाली.

बाईंनी मान आवाजाच्या दिशेला वळवली. "तुम्ही कोण?"

"या आमच्या उस्तादच्या घरच्या," मालकानं मध्येच सांगितलं. "काम उस्तादचं आहे. तोच काउंटरवाला हात. तब्येतीमुळे या मदतीला..."

"मी नाही केलं," दाराजवळून उस्ताद म्हणाला.

सगळे तिकडे वळले. तो उठून उभा राहत होता. या वेळी मिस्त्री पुढं झाला, पण उस्तादनं मानेनं नको म्हटलं आणि आपल्या काठीवर उभा राहिला.

"माझा हात आठ महिने हललेला नाही. हे तिनं केलंय. मी तीनच दिवस इथं होतो, तेही बडबडायला." तो थांबला, दम घेतला. "आणि तो काउंटरही तिनंच भरलाय. रंग माझा होता. पण बाई, तुम्ही ज्यावर हात ठेवून असं हवं म्हणालात ना, ते माझं नव्हे. माझ्या नावावर आजवर जेवढं काम गुळगुळीत निघालं, ते सगळं हिचं."

मालकानं दारातून पलीकडे शोरूमच्या काउंटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग परत काउंटरकडे. जणू त्याच्या डोळ्यांदेखत कुणीतरी काउंटर बदलून ठेवला होता.

"मला माहीत होतं," मिस्त्री म्हणाला.

"मग कधी बोलला नाहीस ते?" मालक म्हणाला.

"मला कधी कुणी विचारलं?"

ती टेबलाच्या कडेला हात धरून उभी होती. हा क्षण कधी आला तर आपल्याला काय वाटेल याचा तिनं कधी विचारच केला नव्हता, त्यामुळे काय करावं हे तिला सुचेना. डोळ्यांत पाणी आलं नाही. फक्त पाठ सरळ झाली. इतकी वर्षं वाकून काम करताना ती इतकी सरळ होऊ शकते हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"यांचा रंग नसता तर नुसतं गुळगुळीत होऊन काय उपयोग होता," ती म्हणाली. हेही खरंच होतं, म्हणून ती ते बोलली.

बाईंनी हात पुढं केला. तिनं आपला हात दिला. बाईंनी तिची बोटं एकेक करून चाचपली, टोकापर्यंत.

"तुमच्या बोटांवर रेषाच राहिल्या नाहीत," बाई म्हणाल्या.

"घासून गेल्या."

"आमच्या शाळेत जिन्याला लाकडी कठडा आहे. तीन मजले. मुलं तो धरून दिवसातून दहा वेळा वर-खाली करतात, आणि मी तक्रार केली की सगळे म्हणतात, दिसायला तर छान आहे. तुम्ही येऊन बघाल?"

तिनं सवयीनं उस्तादकडे पाहिलं. उस्ताद चुकलेलं बटण काढून पुन्हा लावण्यात गुंतला होता. तो मुद्दामच वर बघत नव्हता, हे तिला कळलं.

"आधी हे टेबल पुरं करते," ती बाईंना म्हणाली. "त्याच्या पुढच्या सोमवारी येते. सकाळी नऊला."

"या. कुणाला विचारायचं नाही, सरळ वर या."

दोघं घरी चालत गेली. तीन गल्ल्यांना अर्धा तास लागला. वाटेत एकदा तो थांबला आणि ती थांबली.

घरी आल्यावर ती मागच्या पायरीवर हात धुवायला बसली. जवसाचं तेल आणि महोगनीचा लाल भुसा एकदा का कातडीत मुरला की साबणाला दाद देत नाही. ती घासत होती, तेवढ्यात उस्ताद पाट सरकवत शेजारी येऊन बसला. त्यानं तिच्याजवळचा ब्रश मागून घेतला आणि म्हणाला, "हात दे इकडे."

तिनं हात पुढं केला. तो डाव्या हातानं घासू लागला. साबण दोनदा निसटून पायरीखाली गेला आणि दोन्ही वेळा तिनं तो उचलून दिला. घाई करणारा माणूस, पण आज त्यानं एकेक बोट धरून, नखाच्या कडेकडेनं, सावकाश घासलं. पाण्याचा रंग लाल होऊन पायरीवरून उतरत गेला.

"नखांतलं निघत नाही," तो शेवटी म्हणाला.

"राहू दे."

"चार लोकांत जायचं असतं. बरं दिसत नाही."

"दिसू दे," ती म्हणाली.

त्यानं ब्रश खाली ठेवला, तांब्या उचलला आणि तिच्या बोटांवर सावकाश पाणी ओतलं.